पोकलेनचा कोड आणि नैयायिकांची कसोटी

बंगळुरूत वरची तांबडी माती संपली की ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म लागतो. मग पोकलेनची बकेट उतरवून ब्रेकर चढवायचा आणि दिवसभर खडक फोडायचा. टाटा हिताचीचे आणि बीईएमएलचे मुख्यालय याच शहरात, व्होल्वोचा कारखाना पीन्यात. आपण ज्या फ्रेंच कंपनीच्या नावाने सगळ्याच एक्स्कॅव्हेटरना हाक मारतो, तिच्या सहकार्याने लार्सन अँड टुब्रोने सत्तरच्या दशकात यंत्रे बनवली तीही इथेच. इतकी जाणती वस्ती असूनही साइटवर एक समज पक्का रुजला आहे: स्क्रीनवर कोड आला की दोषी सापडला. कोडमध्ये सोलेनॉइडचे नाव आहे ना, मग सोलेनॉइड बदला. त्याने भागले नाही तर सेन्सर, आणि सगळे हरले की कंट्रोलर.

हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. मशीन उभी राहिली की भाडे बुडते, डंपर खोळंबतात, मालकाचा फोन थांबत नाही. सुटा भाग हाताशी असेल तर तो बदलणे हा तपासापेक्षा जवळचा रस्ता वाटतो. शिवाय एप्रिल २०२१ पासून बांधकाम यंत्रांसाठी सीईव्ही स्टेज चारची उत्सर्जन-मानके आली आणि इंजिनावरचे इलेक्ट्रॉनिक्स वाढले. एवढ्या तारांच्या जंजाळात शिरण्यापेक्षा यंत्राने स्वतः सांगितलेले ऐकावे, असे फोरमनला वाटले तर नवल नाही. या पक्षाचा सर्वांत बळकट पुरावा मात्र वेगळाच आहे. ते म्हणतात, ‘आम्ही भाग बदलला आणि मशीन चालली.’

आधी कोड काय सांगतो ते पाहू. प्रेशर सेन्सरला साधारणपणे तीन तारा असतात: ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. सिग्नल ०.५ ते ४.५ व्होल्टच्या दरम्यान राहावा अशी योजना असते. तो या मर्यादेबाहेर गेला की कंट्रोलर कोड नोंदवतो. म्हणजे कंट्रोलरने पाहिले ते फक्त आपल्या पिनवरचे व्होल्टेज. सेन्सरची अर्थची तार तुटली की सिग्नल वर चढतो आणि कोड येतो ‘व्होल्टेज जास्त’. सेन्सर बिचारा शाबूत असतो. त्याहून गमतीचा प्रकार सामायिक पुरवठ्याचा. ५ व्होल्टची एकच लाइन चार सेन्सरना जात असेल आणि त्यातल्या एकाची तार बूमच्या सांध्याशी घासून बॉडीला टेकली, तर चारही सेन्सरचे कोड एकदम झळकतात. चार सेन्सर एकाच क्षणी मेले हे न पटणारा माणूस कंट्रोलरवर संशय घेतो, आणि खर्चाचा आकडा एकदम उडी मारतो. खरे तर चारही प्लग काढून एकेक परत लावत जायचे. ज्याला लावताच ५ व्होल्ट कोसळतात, ती फांदी दोषी.

आता त्या बळकट पुराव्याकडे येऊ. पंपाच्या स्वॅश प्लेटचा कोन, म्हणजे पंप किती तेल देणार, हे प्रोपोर्शनल सोलेनॉइडमधल्या करंटने ठरते. उदाहरणादाखल कॉइल २० ओहमची धरू आणि लागणारा करंट ०.७ अँपिअर. १४ व्होल्टमध्ये काम भागते. इंजिन चालू असताना २४ व्होल्टच्या यंत्रणेत २८ व्होल्ट मिळतात, म्हणजे सवड भरपूर. पण कनेक्टरच्या पिनवर गंज चढला आणि त्याने १५ ओहमची भर घातली तर? सकाळी ३५ ओहमला २४.५ व्होल्ट लागतात, मशीन चालते. दुपारी कॉइल २० अंशांवरून ८० अंशांवर जाते. तांब्याचा रोध अंशामागे सुमारे ०.४ टक्के वाढतो, तेव्हा कॉइल पावणेपंचवीस ओहमच्या आसपास पोहोचते आणि एकूण मागणी २७.८ व्होल्टवर जाते. ड्रायव्हरमध्ये आणि उरलेल्या तारेत थोडे खर्च झाल्यावर तेवढे उरत नाहीत. करंट अपुरा पडतो, मशीन लोड घेईना, कोड सोलेनॉइडचा.

मेकॅनिक सोलेनॉइड बदलतो. नवी कॉइल थंड असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्लग काढून लावताना पिन घासली जाते आणि गंज खरवडला जातो. मशीन धावू लागते, जुना सोलेनॉइड भंगारात जातो आणि सिद्धांत पक्का होतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ! ब्रेकरच्या हादऱ्यांनी आणि पावसाच्या पाण्याने तीच पिन पुन्हा बिघडली की म्हणायचे, ‘हल्ली स्पेअरच टिकत नाहीत.’

आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, कारण ठरवण्यासाठी अन्वय आणि व्यतिरेक अशा दोन्ही बाजू मागितल्या होत्या. अमुक असता तमुक घडते, एवढ्याने कारण ठरत नाही. अमुक नसता तमुक घडत नाही, हेही दिसायला हवे. साइटवर याचा अर्थ सरळ आहे: जुना सोलेनॉइड त्याच जागी परत लावा. दोष परतला तर तो दोषी. नाही परतला तर तुम्ही नकळत कनेक्टर दुरुस्त केला आहे. हे सांगितले की लोक हसतात, पण चुकीचा कंट्रोलर मागवण्यापेक्षा ही दहा मिनिटे फार स्वस्त पडतात.

मल्टीमीटरची बीपही अशीच फसवी. अर्थच्या तारेत ०.३ ओहम असले तरी मीटर खुशाल बीप देतो, कारण तपासताना तो नगण्य करंट सोडतो. त्याच तारेतून दिवे, वायपर, पंखा मिळून १० अँपिअर परतू लागले की ३ व्होल्ट वाटेतच खलास. म्हणून लोड चालू ठेवून बॅटरीच्या निगेटिव्हपासून कंट्रोलरच्या अर्थपर्यंतचा व्होल्टेज ड्रॉप मोजावा.

दुसऱ्या टोकाचा पक्षही आहे: दुपारी मंद पडते ना, मग तेल पातळ झाले, पंप झिजला, वायरिंगला हात लावू नका. लक्षण खरेच तेच दिसते. म्हणूनच मंदपणा आला असताना सोलेनॉइडचा करंट आणि त्याच्या व्हॉल्व्हमधून निघणारे प्रेशर एकाच वेळी मोजायचे. करंट हुकमाप्रमाणे आहे पण प्रेशर नाही, तर व्हॉल्व्ह किंवा पायलट तेलाचा मार्ग तपासा. दोन्ही बरोबर असतील तर रेग्युलेटर आणि पंप उघडण्याचा अधिकार तुम्हाला मिळाला. करंटच कमी असेल तर पंपाला हात लावायचे कारण नाही.

आता काहीजण कोमट्रॅक्ससारख्या दूरनिरीक्षणाचा हवाला देतात. ऑपरेटरने फोन करण्याआधीच कोड कंपनीच्या कार्यालयात पोहोचलेला असतो, तेव्हा हे मीटरपुराण कशाला? कोड लवकर पोहोचतो हे खरे, आणि कोणता माणूस कोणते सामान घेऊन पाठवायचा हे ठरवायला तो उपयोगीही पडतो. पण पोहोचतो तो तोच कोड, त्याच पिनवर वाचलेल्या व्होल्टेजचा. पिनपासून सोलेनॉइडपर्यंतची तार कुठे घासली आहे, हे उपग्रहालाही दिसत नाही. ते पाहायला कुणीतरी पंपाचे झाकण उघडून हार्नेस हाताने हलवत मीटरकडे बघावेच लागते.