भिजलं तरी ऊब

कोल्हापूर जिल्ह्यात पाऊस एकसारखा पडत नाही. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरच्या आसपास कोसळतो, आणि तिथून साधारण शंभर किलोमीटरवरच्या शिरोळात जेमतेम ५००. त्यामुळे पावसात अंगावर काय घ्यायचे, या प्रश्नाची उत्तरेही आमच्याकडे वेगवेगळी होती. इतिहासाच्या पुस्तकात हा प्रश्न येत नाही. १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून विशाळगडाकडे निघाले, ती भर पावसाळ्यातली रात्र होती, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पावनखिंडीतल्या तलवारी आपण आठवतो. त्या तलवारी धरणारे हात रात्रभरच्या वाटचालीत किती गारठले असतील, हे मात्र कुणी विचारत नाही.

पश्चिमेकडचे उत्तर होते इरले. बांबूच्या कामट्यांची जाळी आणि तिच्यात दाबून बसवलेली पळसाची रुंद पाने. डोक्यावर अडकवले की कमरेपर्यंत पाठ झाकते. भाताची रोपलावण करणारी बाई दिवसभर कमरेत वाकलेली असते; आभाळाकडे असते ती तिची पाठ. इरले नेमके तेवढेच झाकते आणि दोन्ही हात मोकळे ठेवते. छत्रीला हे कधी जमले नाही. मोल्सवर्थसाहेबाच्या कोशाच्या १८५७ सालच्या आवृत्तीत हा शब्द आहे, म्हणजे तेव्हाही ही वस्तू नोंद घेण्याइतकी सर्वत्र दिसत असणार.

दुसरे उत्तर घोंगडीचे, आणि मला त्याचे अधिक नवल वाटते. कारण घोंगडी माणसाला कोरडे ठेवण्याचा फारसा दावाच करत नाही. सरींमागून सरी आल्या की ती भिजते, जड होते, वास मारते. तरीही धनगर चार महिने तिच्यावर काढत आला. एका म्हाताऱ्या विणकराला मी हे विचारले, तर तो हसून म्हणाला, "भिजली म्हणून काय झालं? ऊब कुठं जातीया?"

त्याच्या बोलण्यात शास्त्र आहे. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. आणि ओलावा घेताना थोडी उष्णता बाहेर टाकते. तिचा धागा मुळात कुरळा. भिजल्यावरही तो पुरता आडवा पडत नाही, म्हणून धाग्यांमधली हवा कोंडलेली राहते. आपल्याला लागते ती ऊब या हवेमुळे टिकते. सुती कापड भिजले की अंगाला चिकटते, हवा निघून जाते, आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेते. आपल्याकडे बर्फ पडत नाही खरे, पण ओले धोतर आणि घाटावरचा वारा एकत्र आले की दात वाजायला बर्फ लागत नाही.

ही घोंगडी तयार व्हायला बऱ्याच हातांतून जाते. दख्खनी मेंढीची राठ लोकर धनगर कातरतो, बायका ती पिंजून सूत काढतात, ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात आणि सणगर खड्ड्यातल्या मागावर विणतो. कोल्हापूर शहरात सणगर गल्ली आहे. नावावरून तरी मागांची आठवण राहिली आहे. घोंगडीचे एक टोक दुमडून डोक्यावर घेतले की झाली खोळ. ना गुंडी, ना बाही. तीच रात्री अंथरायची, तीच पांघरायची.

माझ्यासारख्या शब्दांवर जगणाऱ्याला इथे थोडे आडवाटेने जावेसे वाटते. अरबीत लोकरीला 'सूफ' म्हणतात आणि जाडीभरडी लोकर पांघरणाऱ्या फकिरांवरून 'सूफी' हा शब्द आला, असे बरेच अभ्यासक मानतात. कव्वालीत पैगंबरसाहेब 'कमलीवाले' असतात. कृष्णही काली कमलीवालाच. हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा-खोबऱ्याबरोबर लोकर उधळतात आणि त्याच यात्रेतल्या भाकणुकीत पाऊसपाण्याचे भविष्य सांगितले जाते. आमच्या आजीच्या घरी दोन घोंगड्या असत, एक नमाजाची आणि एक शेतातली. त्यांची अदलाबदल झाली की आजीचा आवाज पार गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा.

असो. पावसात उभे राहणे वेगळे आणि पाण्यावर जाणे वेगळे. आमच्याकडचे गुऱ्हाळ हिवाळ्यात पेटते आणि पावसाळ्यात बंद असते. तेव्हा गुळाची काहील रिकामी पडलेली असते, आणि पूर आला की गावोगावी तिचीच नाव होत असे. गोल, सपाट बुडाची, ना नाळ ना सुकाणू, भोवऱ्यासारखी फिरणारी. पोहणारे गडी कडेला धरून ती ढकलत. आत बसलेल्याच्या डोक्यावर पाऊस आणि बुडाखाली ओला पत्रा. इथे घोंगडीचा दोष उघडा पडतो. ती अंगाला घट्ट गुंडाळून पुरात पडलेल्या माणसाला हात मारता येत नाही. म्हणून पाण्यावर ती खांद्यावरून सुटी टाकलेलीच बरी. पुरात वाहत येणारे अस्वल घोंगडी समजून धरायला गेलेल्या माणसाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. त्या गोष्टीत एका घोंगडीसाठी माणूस पुरात उडी घेतो आणि ऐकणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही, एवढी तिची किंमत होती.

उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांनी हाच पेच वेगळ्या रीतीने सोडवला. त्यांच्या अरुंद नावेला कयाक म्हणतात. सीलच्या कातड्याचा किंवा आतड्याचा अंगरखा शिवायचा आणि त्याचा घेर नावेच्या तोंडाला बांधून टाकायचा. नाव उलटली तरी आत पाणी शिरत नसे. आता हौसेने कयाक चालवणाऱ्यांना शिकवतात, की कपडे हवा बघून घालू नका, पाणी किती गार आहे ते बघून घाला, आणि अंगालगत सुती नको. आमच्या धनगराला दुसरी गोष्ट नव्याने सांगावी लागली नसती.

माणसाला खरोखर कोरडे ठेवणारे कापड विलायतेत निघाले. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देण्याचे पेटंट घेतले. ते थंडीत ताठ आणि उन्हात चिकट व्हायचे, पण पाणी अडायचे. आपल्याकडे सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात बंगाल वॉटरप्रूफ सुरू केली आणि 'डकबॅक'चा रेनकोट मास्तर, कारकून, पोस्टमन यांच्या खुंटीवर आला. पाऊस अडला, मात्र घामही आतच अडला. सायकल मारत कचेरीत पोचलेला माणूस रेनकोट काढायचा तेव्हा आतून भिजलेलाच असायचा.

शेतात मात्र रेनकोट गेला नाही. इरले मागे पडले आणि त्याच्या जागी युरियाच्या रिकाम्या पोत्याची खोळ आली, नाहीतर प्लॅस्टिकचा कागद. फुकट, हलका, पाणी न धरणारा. बाईने तो का घेतला हे सांगायला नको. पण वाकल्यावर तो सरकतो, वाऱ्याने उडतो, आणि त्यात ऊब नाही. दिवसभर गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या बाईसाठी इरल्यानंतर खास कुणी काही शिवले नाही, याचा मला राग आहे. गड चढणाऱ्या हौशी पोरांसाठी दुकाने भरलेली आहेत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ५५ फुटांची रेषा ओलांडली. धोक्याची पातळी ४३ फूट. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. या वेळी काहिलीऐवजी रबरी बोटी आल्या, नारिंगी जाकिटे आली आणि हजारो माणसे सुखरूप बाहेर निघाली. छावण्यांमध्ये ओल्या कपड्यांत कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्यांच्या अंगावर कृत्रिम धाग्याची पातळ ब्लँकेटे पडली. त्याच जिल्ह्यात मेंढरे कातरण्याची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त होते, म्हणून कातरलेली लोकर माळावर टाकून धनगर पुढच्या गावाला निघून जातो.