जिलेबी कोणाची?

पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला झेंडावंदन आटोपले की महाराष्ट्रात हलवायाच्या दुकानापुढे रांग लागते. आमच्या उर्दू शाळेतही त्या दिवशी मुलांच्या हातावर जिलेबी पडते. अशाच एका सकाळी सातवीतल्या मुलाने विचारले, "सर, जिलेबी उर्दू की मराठी?"

आम्ही मराठीही शिकवतो आणि इतिहासही. तरी उत्तर चटकन सुचले नाही. त्याआधी एका प्रशिक्षण वर्गात शेजारी बसलेले शिक्षकबंधू सहज म्हणून गेले होते, "तुमचे शब्द काढले तर मराठी किती स्वच्छ होईल!" त्यांच्या मनात वाईट काही नसावे. पण तो 'तुमचे' आमच्या डोक्यातून गेला नव्हता. म्हणून शोधायला बसलो.

जिलेबीचे जुने अरबी नाव ज़लाबिया. दहाव्या शतकात इब्न सय्यार अल-वर्राक यांनी बगदादच्या अब्बासी दरबारातील पाककृतींचा ग्रंथ लिहिला, त्यात ती आहे. इराणात ती ज़ुलबिया झाली आणि आजही रमजानमध्ये तेथे इफ्तारला ती असते. एवढे वाचून आमची मान जरा ताठ झाली, हे कबूल करतो. पण पुढचे वाचले. सुमारे १४५० साली जिनसूर नावाच्या जैन ग्रंथकाराने 'प्रियंकरनृपकथा' लिहिली. तीत एका श्रीमंत व्यापाऱ्याकडच्या जेवणात जिलेबी वाढलेली आहे. १६०० पूर्वीच्या 'गुण्यगुणबोधिनी' या संस्कृत ग्रंथात तर तिची कृतीच दिली आहे, आणि ती आजच्या कृतीहून वेगळी नाही. सतराव्या शतकात रघुनाथ पंडितांच्या 'भोजनकुतूहल'मध्येही ती भेटते. हा सारा माग पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४३ साली काढला. म्हणजे नाव अरबी, आणि येथला दाखला जैनाच्या पोथीत!

सतराव्या शतकातच शिवाजी महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा हा कोश रघुनाथ नारायण हणमंते यांच्या नावावर आहे. (हे रघुनाथ वेगळे, 'भोजनकुतूहल'वाले वेगळे.) कोशाच्या दहा वर्गांत भोग्य वस्तूंचाही एक वर्ग आहे. नव्या राज्याला आपली भाषा हवी, हा हेतू आम्हाला पटतो. कारभारातले काही शब्द बदललेही. स्वयंपाकघरात मात्र मसाला, मैदा, हलवा, पुलाव जागचे हलले नाहीत. शिराही राहिला, पण अर्थ बदलून. फारसीत शीरा म्हणजे रस किंवा पाक. आपल्याकडे तो रव्याचा झाला आणि सत्यनारायणाच्या प्रसादाला जाऊन बसला.

वर्गात हे सांगताना एक गंमत झाली. बेदाणा म्हणजे बे-दाना, बी नसलेला, हे मुलांनी लगेच ओळखले. उर्दू येण्याचा तेवढा फायदा. पण जर्दाळू फोडायला सांगितला तेव्हा उत्तर आले, "ज़र्द आलू, पिवळा बटाटा!" सगळा वर्ग हसला. फारसीत आलू म्हणजे बटाटा नव्हे, अलुबुखार जातीचे फळ. बटाटा तर अमेरिकेतला, पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरलेला, आणि बटाटा हे नावही त्यांच्याकडूनच आलेले. पावही त्यांचाच शब्द. मिरचीदेखील अमेरिकेची, तिने नाव तेवढे आपल्या मिरीपासून घेतले. आमच्या शिक्षकबंधूंनी त्या दिवशी चहाच्या सुट्टीत आमच्याबरोबर वडापावच खाल्ला होता.

त्या मुलाला हे सगळे सांगायला दोन तास लागले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, मग परीक्षेत जिलेबी लिहायचे की जिलबी?"

दोन्ही चालते, असे आम्ही सांगितले.