नर्सबाईंचे उच्चार आणि नर्सबाईंचे ज्ञान

गावच्या दवाखान्यात नव्या नर्सबाई रुजू झाल्या की चार दिवसांत त्यांची परीक्षा होते, आणि ही परीक्षा घेणारे आपणच असतो. बाई औषधाचे नाव झरझर वाचतात की अडखळत वाचतात, रोगाचे इंग्रजी नाव डॉक्टरांसारखेच घेतात की वेगळेच काही म्हणतात, याकडे आपले कान लागलेले असतात. एखादा शब्द वाकडा गेला की बाकावर बसलेली शहाणी मंडळी एकमेकांकडे पाहतात. "नाव धड घेता येईना, ह्या सुई काय टोचणार?" असे कोणीतरी पुटपुटतोच. या शेऱ्यात तथ्य किती? उच्चार चुकला म्हणजे ज्ञानही कच्चे, असे धरून चालावे काय? इतिहासाला हा प्रश्न विचारला तर तो काय सांगतो, ते पाहू.

प्रथम हे पाहू, की वैद्यकातले हे अवघड शब्द मुळात कोणाचे? इंग्रजांचे, असे आपल्याला वाटते. पण ते खरे नव्हे. यांतले बहुतेक शब्द ग्रीक आणि लॅटिन भाषांतून आलेले आहेत. 'न्यूमोनिया' हाच शब्द घ्या. ग्रीक भाषेत फुप्फुसाला 'प्नेउमोन' म्हणत. त्यातला आरंभीचा 'प' इंग्रजांना जमेना, तेव्हा त्यांनी तो लिहिण्यात ठेवला आणि बोलण्यातून काढून टाकला. शेजारचे जर्मन लोक मात्र तो 'प' आजही उच्चारतात. आता शुद्ध कोण, लंडनचा डॉक्टर की बर्लिनचा? मेंदूज्वराला काही इंग्रज डॉक्टर 'एन्केफलायटिस' म्हणतात, तर अमेरिकेत 'एन्सेफलायटिस' म्हणतात. दोघेही आपापल्या जागी विद्वान, आणि रोगी दोघांच्याही हातून बरे होतात.

हा वाद काही आजचा नाही. युरोपात शेकडो वर्षे लॅटिन ही विद्वानांची भाषा होती. पण प्रत्येक देशाचा पंडित ती आपल्या मातृभाषेच्या वळणाने बोलत असे. इरॅस्मस या डच पंडिताने तर लॅटिन व ग्रीक यांचे योग्य उच्चार कोणते, या विषयावर १५२८ साली एक ग्रंथच प्रसिद्ध केला. म्हणजे पंडितांचेच जिथे एकमत नव्हते, तिथे एखाद्या खेड्यातल्या मुलीची जीभ थोडी वळली नाही, तर तिला हसण्यात काय अर्थ आहे?

मग उच्चाराला एवढा मान आला कुठून? त्याचे कारण धंद्याच्या प्रतिष्ठेत आहे. लॅटिन येणे ही डॉक्टरांच्या विद्येची खूण होती. औषधाची चिठ्ठीही लॅटिनमध्ये लिहीत. रोग्याजवळ रात्रंदिवस बसणाऱ्या बायकांना विद्यापीठाचे दार बंद होते. त्यांचे शिक्षण हाताने आणि डोळ्यांनी होई. त्यामुळे 'शब्द जाणणारे' आणि 'काम करणाऱ्या' असे दोन वर्ग पडले.

क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्या परिचारिकांना घेऊन तुर्कस्तानातील स्कुतारीच्या लष्करी इस्पितळात गेल्या. पुढे १८६० साली त्यांच्या नावाने जमलेल्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात परिचारिकांची शाळा निघाली. तिथे प्रत्येक उमेदवार मुलीच्या प्रगतीची नोंद ठेवीत. त्या नोंदीत काय पाहत? वक्तशीरपणा, शांत स्वभाव, विश्वासूपणा, स्वच्छता. आणि कामात जखमा बांधणे, जळवा लावणे, रोग्याचे निरीक्षण करणे. नाइटिंगेलबाईंच्या शुश्रूषेवरील प्रसिद्ध पुस्तकातही रोग्याच्या निरीक्षणावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. रोगी झोपला का, किती जेवला, चेहरा उतरला का, हे अचूक टिपून डॉक्टरांना अचूक सांगणे, हे त्यांच्या मते परिचारिकेचे मोठे काम.

पुढे १८८७ च्या सुमारास इंग्लंडात परिचारिकांची सरकारी नोंदणी व्हावी अशी चळवळ सुरू झाली. नाइटिंगेलबाईंनी तिला विरोध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की चांगली परिचारिका परीक्षेच्या कागदावर ओळखता येत नाही. विरुद्ध पक्ष म्हणे, परीक्षा नको तर मग शिकलेली कोण आणि न शिकलेली कोण, हे लोकांनी ओळखावे कसे? अखेर १९१९ साली नोंदणीचा कायदा झाला. दोन्ही बाजूंत तथ्य होते. परीक्षेमुळे परिचारिकेला मान मिळाला, हक्क मिळाला; पण त्याबरोबरच तिच्या कामापेक्षा तिच्या तोंडचे शब्द तपासण्याची सवयही लोकांना लागली.

आता आपल्याकडे वळू. मुंबईत सरकारने १८२६ साली एक वैद्यकशाळा काढली होती. तिचे प्रमुख डॉ. मॅक्लेनन हे विद्यार्थ्यांना देशी भाषांतून वैद्यक शिकवीत. ही शाळा १८३२ साली बंद पडली. पुढे १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, तिथे इंग्रजीचे राज्य आले. बायकांसाठी डॉक्टर हवी म्हणून १८८३ साली एडिथ पीची ही इंग्रज डॉक्टरीण मुंबईस आली. तिने काय केले पाहा : आल्यावर लवकरच ती हिंदी शिकली! रोग्यांनी आपले शब्द शिकावेत असा हट्ट न धरता तिने रोग्यांचे शब्द शिकून घेतले. कामा हॉस्पिटलात परिचारिकांना शिकवण्याचे कामही तिने सुरू केले. १८९१ साली बाई काशीबाई गणपत या हिंदी स्त्रीने मुंबईत परिचारिकेचे शिक्षण घेण्यास आरंभ केला. आपल्या देशातल्या या पहिल्या शिकाऊ परिचारिका, अशी त्यांची नोंद आहे. त्या काळच्या मुलीला काम तर शिकायचे होतेच, शिवाय परक्या भाषेतले परके शब्दही गिळायचे होते.

आणि सामान्य लोकांनी काय केले? त्यांनी शब्दच आपलेसे केले. हॉस्पिटलचे इस्पितळ झाले. १८०२ साली मुंबईत देवीची पहिली लस एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. पुढे खेडोपाडी लस टोचणारा माणूस येऊ लागला, तेव्हा त्याला कोणी 'व्हॅक्सिनेटर' म्हटले नाही. तो 'देवी डॉक्टर' झाला, आणि त्याचे काम म्हणजे 'देवी काढणे'. 'व्हॅक्सिनेशन' हा शब्द गावात कोणाला नीट म्हणता आला नसेल. पण १९८० साली साऱ्या जगातून देवीचा रोग गेल्याचे जाहीर झाले, त्यात या देवी डॉक्टरांचाही वाटा आहे. तसेच १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता स्वतः प्लेगने गेल्या. त्यांनी त्या रोगाचे नाव कसे उच्चारले, हे आज कोण विचारतो?

पण थांबा. एवढ्यावरून उच्चाराकडे लक्षच देऊ नये, असा निष्कर्ष काढाल तर तोही चुकेल. काही ठिकाणी एक अक्षर बदलले की जीव जाऊ शकतो. 'हायपर' म्हणजे जास्त आणि 'हायपो' म्हणजे कमी. रक्तातली साखर फार वाढली तर 'हायपरग्लायसेमिया', फार उतरली तर 'हायपोग्लायसेमिया'. पहिल्यात साखर उतरवायची असते, दुसऱ्यात रोग्याला तातडीने साखर द्यायची असते. 'डिस्फेजिया' म्हणजे घास गिळायला त्रास, 'डिस्फेझिया' म्हणजे बोलायला त्रास. औषधांच्या नावांतही असेच आहे. अमेरिकेत पोटातल्या आम्लावरचे 'लोसेक' आणि लघवी वाढवून अंगातले पाणी उतरवणारे 'लॅसिक्स' यांत घोटाळे होऊ लागले, तेव्हा १९९० साली लोसेकचे नाव बदलून 'प्रायलोसेक' करावे लागले. इथे नर्सबाईंनी नव्हे, तर औषध कंपनीने आपले नाव दुरुस्त केले!

उलट काही शब्द असे, की कितीही शुद्ध बोला, फरक कळत नाही. आतड्याचा एक भाग 'इलियम' आणि कमरेचे एक हाडही 'इलियम'. इंग्रजी लेखनात एका अक्षराचा फरक, कानाला मात्र काहीच नाही. म्हणून निव्वळ उच्चारावर विसंबून चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रोग्यांच्या सुरक्षिततेसाठी जे उपाय सांगितले, त्यांत सारख्या दिसणाऱ्या व सारख्या ऐकू येणाऱ्या औषधनावांचा प्रश्न आहेच. त्यावरचा उपाय साधा आहे : तोंडी सांगितलेले लिहून घ्यावे, आणि लिहिलेले परत वाचून दाखवावे. आपला जुना वाणीसुद्धा यादी लिहून झाली की गिऱ्हाइकाला ती वाचून दाखवतो, तोच हा प्रकार.

यातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. जी बाई अडखळते पण "डॉक्टरसाहेब, पुन्हा एकदा सांगा, मी वाचून दाखवते" असे म्हणते, ती भरवशाची. जी शब्द फडाफडा फेकते आणि विचारायला लाजते, तिच्यापासून सावध राहावे. आपण हसलो तर काय होते? ती बाई पुढच्या वेळी विचारत नाही; गप्प राहते, अंदाजाने काम करते. चुकलेल्या उच्चारापेक्षा हे मौन जास्त घातक. हसे होईल या भीतीने न विचारलेला प्रश्न रोग्याच्या अंगावर येतो.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. आपल्या वर्गातल्या काही मुली उद्या परिचारिका होतील, आशा कार्यकर्त्या होतील. त्यांच्याकडून शब्द घोकून घेऊ नका. शब्द फोडून दाखवा. 'आयटिस' म्हणजे दाह, हे एकदा कळले की टॉन्सिलायटिस, अपेंडिसायटिस यांची भीती उरत नाही. 'हायपर' आणि 'हायपो' फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि दहा वेळा मोठ्याने म्हणवून घ्या. अर्थ कळला की जीभ आपोआप वळते. आणि वर्गात कोणी चुकले तर बाकीच्यांना हसू देऊ नका. विचारायला न लाजण्याची सवय शाळेतच लागते.

आणि आपण गावकऱ्यांनी? नर्सबाईंची परीक्षा जरूर घ्यावी. पण ती घेताना त्यांनी हात धुतले का, सुई नवी काढली का, आपले नाव विचारून मगच गोळी दिली का, हे पाहावे. रोगाचे नाव त्यांनी कसे घेतले, यावर गुण देऊ नयेत. आणि आपल्याला न कळलेला शब्द त्यांना पुन्हा विचारावा. त्या रागावणार नाहीत. उलट त्यांनाही दुसऱ्याला विचारायचा धीर येईल.