बोट सरळ चालवायचं गणित

छोटी मोटरबोट वेगात सरळ चालवणं त्या मानाने सोपं. अवघड असतं ते तीच बोट धक्क्याजवळ येताना, इंजिन अगदी कमी करून, सरळ ठेवणं. उलटं वाटतं ना? पण ज्याने आउटबोर्ड इंजिनवाली बोट चालवली आहे त्याला विचारा. नाक डावीकडे जातं, तुम्ही उजवीकडे वळवता, काहीच होत नाही, म्हणून अजून वळवता... आणि मग नाक उजवीकडे असं पळतं की बस्स. परत डावीकडे, परत उजवीकडे. मागे वळून पाहिलं तर पाण्यावर नागमोडी रेघ!

यात चालवणाऱ्याचा वेंधळेपणा कमी आणि फिजिक्स जास्त आहे. अशा बहुतेक बोटींना वेगळं सुकाणू नसतं. अख्खं इंजिनच वळतं, त्याबरोबर पंख्याचा झोत वळतो आणि त्या झोताने बोट वळते. इंजिन मंद केलं की झोत दुबळा होतो, पण बोटीचं वजन काही कमी होत नाही. त्यामुळे तुम्ही वळवणं आणि बोटीने ऐकणं यात वेळ जातो. आणि एकदा का ती वळायला लागली, की थांबायलाही तितकाच वेळ घेते.

उशिरा मिळणारं उत्तर आणि उतावीळ दुरुस्ती! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे चांगलंच ओळखीचं. लोड वाढला म्हणून सर्व्हर वाढवायचे, ते चालू होईपर्यंत घाबरून अजून वाढवायचे, मग सगळे रिकामे बसले म्हणून धडाधड बंद करायचे. नागमोडी रेघ तीच, फक्त ती ग्राफवर दिसते.

तर या वीकान्ताचा विषय आहे, हे गणित पहिल्यांदा नीट कुणी मांडलं. आता तुम्ही म्हणाल कॉलेजमधला पीआयडी कंट्रोलर आठवतोय. बरोबर! पण तो कुठून आला हे आम्हाला तरी परीक्षेला नव्हतं.

सुरुवात मोठ्या जहाजांपासून झाली. १८६०च्या दशकात ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजावर मॅकफार्लेन ग्रे यांचं वाफेवर चालणारं स्टिअरिंग इंजिन बसलं. चाक जेवढं फिरवाल तेवढंच सुकाणू वळणार आणि तिथेच थांबणार. हातांचे कष्ट वाचले, पण जहाज कुठे चाललंय ते बघणं माणसाकडेच राहिलं. १९११ मध्ये एल्मर स्पेरी यांच्या जायरोकंपासची अमेरिकन युद्धनौकेवर चाचणी झाली आणि जहाजाची दिशा यंत्रालाही कळायला लागली. मग पुढची पायरी उघडच होती: दिशा जेवढी चुकली, त्या प्रमाणात सुकाणू वळवा.

पण एवढ्यानेच काम भागत नाही. नाक जागेवर येईपर्यंत सुकाणू वळलेलंच राहतं, आणि जहाज झोकात पलीकडे जातं. म्हणजे नवशिक्याच्या बोटीसारखंच, फक्त बोट हजारो टनांची.

इथे येतात निकोलस मिनॉर्स्की. जन्म १८८५ चा, रशियन नौदलातले इंजिनिअर, १९१८ मध्ये अमेरिकेत आले. त्यांनी लक्ष दिलं ते मुरलेल्या सुकाणूवाल्याकडे. तो फक्त ‘आत्ता किती चुकलंय’ एवढंच बघत नाही. नाक किती वेगाने फिरतंय तेही बघतो, आणि ते जागेवर यायच्या आधीच सुकाणू सैल करतो, वेळ पडली तर उलटं देऊन वळण थोपवतो. शिवाय वारा एका बाजूने सतत ढकलत असेल, तर मघापासून साचलेली चूक ध्यानात ठेवून थोडं सुकाणू कायमच धरून ठेवतो. वर्तमान, भविष्य आणि भूतकाळ! प्रपोर्शनल, डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रल.

१९२२ च्या त्यांच्या पेपरात हे सगळं समीकरणांत आलं. पाठोपाठ ‘न्यू मेक्सिको’ या सुमारे ३२ हजार टनी युद्धनौकेवर चाचण्या झाल्या. डेरिव्हेटिव्ह नसताना नाक दोन्हीकडे २ अंश हलत होतं. ते घातल्यावर १/६ अंशावर आलं. बहुतेक सुकाणूवाल्यांना जमणार नाही इतकं सरळ.

आणि तरीही नौदलाने ते यंत्र घेतलं नाही! कारण काय, तर जहाजावरच्या लोकांचाच विरोध.

आधी मला हसू आलं. मग वाटलं, हसण्यासारखं काय आहे यात? वर्षानुवर्षं उभं राहून कमावलेलं कसब कुणीतरी बाजूला उभं राहून बघतो, तीन पदांत लिहितो, आणि उद्यापासून तुझी गरज नाही म्हणतो. पेपरवर नाव मिनॉर्स्कींचं, पण ती तीन पदं मूळची सुकाणूवाल्यांच्या हातातली. आज आपण लिहिलेला कोड वाचून शिकलेलं एआय आपल्याच टीममध्ये येऊन बसलंय, तेव्हा त्या खलाश्यांशी भांडायची माझी तरी हिंमत नाही. विरोधाने ते गणित थांबलं नाही, हेही खरंच. १९४२ मध्ये झिगलर आणि निकोल्स यांनी ती तीन पदं किती किती ठेवायची याचे सोपे नियम दिले, आणि पीआयडी कारखान्याकारखान्यांत पोचला. आज तो ड्रोनमध्येसुद्धा असतो.

शब्दांनी मात्र सुकाणूवाल्याची आठवण ठेवली आहे. ग्रीक भाषेत सुकाणूवाला म्हणजे ‘कुबेरनेटिस’. लॅटिनमधून त्याचाच ‘गव्हर्नर’ झाला, १९४८ मध्ये नॉर्बर्ट वीनर यांनी त्यावरून ‘सायबरनेटिक्स’ हे नाव काढलं, आणि २०१४ मध्ये आलेलं आपलं रोजचं ‘कुबरनेटीस’ही त्यातलंच. त्याच्या लोगोत जहाजाचं चाक का आहे ते आता कळलं असेल!

असो. कधी मंद बोटीचं चाक हातात आलंच, तर नजर लांबच्या एखाद्या खुणेवर ठेवा. चाक थोडंसंच फिरवा, आणि नाक हलायला लागलं की ते जागेवर पोचायच्या आधीच चाक परत मध्ये आणा. डेरिव्हेटिव्ह म्हणजे एवढंच.

पुढच्या वीकान्ताला वेळ मिळाला तर वाफेच्या इंजिनावरच्या गव्हर्नरबद्दल आणि १८६८ च्या मॅक्सवेलच्या पेपरबद्दल लिहीन.