गार असताना, की तापल्यावर?

श्रोतेहो, मोटार चटकन सुरू होत नाही, ही तक्रार मोटारीइतकीच जुनी आहे. जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी १८९३ साली फवाऱ्याचा कार्बोरेटर बनवला, तरी गारठ्यात पेट्रोलची वाफ कमी होते हा निसर्गनियम बदलला नाही. म्हणून चोक आला. चोक ओढला की हवा कमी, पेट्रोल जास्त.

कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी आठवा. मुंबईतली तिची शेवटची टॅक्सी २०२३ साली निवृत्त झाली. पद्मिनीच्या मेकॅनिकचा पहिला प्रश्न असे, "गाडी गार असताना अडते, की तापल्यावर?" गार असताना अडली, तर चोक तपासायचा. घाट चढून थांबल्यावर अडली, तर नळीत पेट्रोलची वाफ झाली असं समजून पंपावर ओलं फडकं टाकायचं. प्लग ओला निघाला, तर पेट्रोल जास्त झालेलं.

२००० सालापासून प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. नव्या मोटारींतून कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं, पंप टाकीत बसला. आता नळीतला दाब रात्रीतून उतरला, की सकाळी स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो. किल्ली दोन-तीनदा नुसती 'ऑन' करून मग गाडी लगेच सुरू झाली, तर दाब टिकत नाही असा अंदाज बांधता येतो. संगणक हे दरवेळी सांगतोच असं नाही.

म्हणून मला तो जुना प्रश्न आजही मोलाचा वाटतो. तो न विचारता एकेक भाग बदलत गेलं, की खिसा रिकामा होतो आणि दोष जागच्या जागी राहतो.