राजापूरची इंग्रज वखार

महाराष्ट्राच्या रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर येथे ईस्ट इंडिया कंपनीने 1649 च्या सुमारास स्थापन केलेली व्यापारी वखार. अर्जुना नदीकाठचे हे बंदर त्या वेळी विजापूरच्या आदिलशाहीत मोडत असे. मोठी जहाजे खाडीच्या मुखाशी जैतापूर येथे नांगर टाकीत व तेथून माल लहान होड्यांनी राजापूरला येई. घाटमाथ्यावरून अणस्कुरा घाटाने बैलांच्या तांड्यांवर उतरणारी मिरी, वेलदोडे व कापड ही येथील मुख्य निर्यात होती.

वखारीचे स्थैर्य व्यापाऱ्यांच्या तटस्थतेवर अवलंबून होते. सिद्दी जौहरने 1660 मध्ये पन्हाळ्यास वेढा घातला, तेव्हा हेन्री रेव्हिंग्टन या वखारप्रमुखाने तोफ व दारूगोळा नेऊन इंग्रजी निशाणासह गडावर मारा केला. परिणामी मार्च 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरवर स्वारी करून वखार जप्त केली व इंग्रजांना कैदेत टाकले. कैद्यांनी सुरतेकडे गाऱ्हाणी केली; तथापि पन्हाळ्यावरील कृत्यामुळेच ही आपत्ती ओढवल्याचे वरिष्ठांनी त्यांना सुनावले. त्यांची सुटका 1663 मध्ये झाली.

वखारीच्या नुकसानभरपाईची बोलणी दीर्घकाळ चालली. राज्याभिषेकप्रसंगी 1674 मध्ये हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला व त्या वेळी झालेल्या तहात 10,000 होन भरपाई मान्य करण्यात आली. आयात मालावर शेकडा अडीच जकात देऊन व्यापार करण्याची मुभाही इंग्रजांना मिळाली. मात्र किनाऱ्यास लागलेली फुटकी जहाजे व त्यांवरील माल परत देण्याचे कलम महाराजांनी कोकणच्या रिवाजाविरुद्ध म्हणून अमान्य केले. सागरी हक्क सोडून व्यापार मिळवावा, हे त्यांना मंजूर नव्हते. वखार पुन्हा सुरू झाली. पण तिला पूर्वीची भरभराट लाभली नाही.

राजापूरच्या प्रकरणाचे महत्त्व केवळ स्थानिक नाही. व्यापार राज्यास हितकारक, परंतु शस्त्र बाळगणारा व्यापारी हा सामान्य सावकार नव्हे, हा धडा त्यातून मिळाला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांना व्यापारास येऊ द्यावे, पण किनाऱ्यावरील मोक्याच्या जागा देऊ नयेत, असा जो इशारा आढळतो, त्यामागे अशाच अनुभवांची पार्श्वभूमी होती.