रस्त्यावरच्या ओझ्याचा हिशेब

पावसाळा सरला की गावोगाव एकच तक्रार ऐकू येते : रस्ता उखडला. मग ठपका पावसावर तरी येतो, नाहीतर डांबर टाकणाऱ्या मजुरावर. परंतु रस्ता नेमका कशाने झिजतो, याचा मोजून हिशेब मांडलेला आहे. तो अमेरिकेत, इलिनॉय राज्यातील ओटावा शहराजवळ मांडला गेला.

तेथे महामार्ग अधिकाऱ्यांच्या ‘अ‍ॅशो’ या संघटनेने केवळ परीक्षेसाठी फेऱ्याचे सहा रस्ते बांधले. काही तुकडे डांबराचे, काही काँक्रीटचे. थरांची जाडी निरनिराळी. एका फेऱ्यावर वाहतूक मुळीच सोडली नाही. बाकीच्या पाचांवर ऑक्टोबर 1958 पासून नोव्हेंबर 1960 पर्यंत मालमोटारी फिरत राहिल्या. प्रत्येक पट्ट्यावर आसाचा भार ठरलेला. गाड्या हाकणारे लष्करातले शिपाई होते. अखेरपर्यंत टिकलेल्या तुकड्यांवरून 11,14,000 आस गेले.

दर दोन आठवड्यांनी चाकोऱ्यांची खोली, भेगा, ठिगळे आणि खडबडीतपणा यांची नोंद होई. रस्त्याला शून्य ते पाच गुण देत. हे गुण आधी माणसांनी रस्त्यांवरून प्रवास करून दिले होते. मग त्यांची यंत्रांच्या मोजमापाशी सांगड घातली. गुण दीडवर उतरले की तो तुकडा बाद. बेंकेलमनची लांब दांडी जोडचाकांच्या मधून सारून, ओझ्याखाली रस्ता किती दबतो तेही पाहत. डांबर प्रत्येक चाकाखाली किंचित वाकते आणि पुन्हा वर येते. अशा लाखो वाकण्यांतून भेग पडते, भेगेतून पाणी शिरते. वसंतात गोठलेली जमीन विरघळून मऊ झाली, की तुकडे भराभर जात. पातळ थर आधी गेले. म्हणजे बांधणाऱ्याची जबाबदारी सुटत नाही.

पण मोठा धडा निराळाच होता. झीज ओझ्याच्या सुमारे चौथ्या घाताने वाढते. आसावरचा भार दुप्पट केला, तर झीज दुप्पट होत नाही. ती सोळापट होते. आपल्याकडेही रस्त्याची जाडी ठरविताना 8,160 किलोचा आस प्रमाण धरतात. 2018 साली आपल्या देशात चार टायरांच्या एकेरी आसाची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टनांवर नेली. भार तेरा टक्क्यांनी वाढला. याच नियमाने पाहिले तर पुरेपूर भरलेल्या आसाच्या एका खेपेची झीज साठ टक्क्यांनी वाढली.

आम्ही कामगार चळवळीतील माणसे हजेरीचा आणि मजुरीचा हिशेब मागतो. तसाच हा हिशेब नागरिकांनी मागावा. जादा माल भरण्याचा नफा मालकाच्या खिशात जातो. गाडीचा धोका चालकाच्या जिवावर आणि डागडुजीचा खर्च सार्वजनिक तिजोरीवर पडतो. म्हणून रस्ता उखडला की, तो कोणी बांधला एवढेच विचारून थांबू नका. त्यावरून किती ओझे गेले, ते कोणी तोलले आणि त्याची नोंद कोठे आहे, हेही विचारा.